उपासमारीत तग धरणारा रोग
प्रोस्टेटचा कर्करोग आणि संप्रेरके घटविणारा उपचार

साठी उलटल्यावर पुरुषाला लघवीचा त्रास सुरू झाला, की तो बहुधा वाढत्या वयाचा परिणाम समजला जातो. पुष्कळांच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु काहींच्या बाबतीत या त्रासामागे, किंवा कित्येक महिने न हटणाऱ्या कंबरदुखीमागे, प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग दडलेला असतो. आणि कधी कधी निदान होईपर्यंत तो हाडांपर्यंत पोचलेला असतो. अशा रुग्णावर संप्रेरके घटविण्याचा उपचार सुरू होतो. बहुतेकांच्या वेदना काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरतात, भूक लागू लागते, अंथरुणाला खिळलेला माणूस पुन्हा ओट्यावर येऊन बसतो. रोग गेला, असे घरच्यांना वाटू लागते. मग तपासणीची तारीख चुकते आणि त्यापाठोपाठ इंजेक्शनही चुकते.

वस्तुतः रोग गेलेला नसतो. त्याचे पोषण तोडलेले असते, इतकेच. पोषण तुटल्यावर तो प्रथम खंगतो आणि काही काळाने कमी पोषणावर जगण्याची रीत शिकतो. ही रीत तो कशी शिकतो, याचा उलगडा गेल्या ऐंशीहून अधिक वर्षांत वैद्यकशास्त्राने पायरीपायरीने केला आहे. तो समजून घेतला, म्हणजे उपचार दीर्घकाळ का चालू ठेवावा लागतो आणि रोग उलटला तरी सर्व मार्ग का खुंटत नाहीत, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

ग्रंथी आणि तिचे पोषण

प्रोस्टेट ही केवळ पुरुषांच्या शरीरात असणारी, सुमारे अक्रोडाएवढी ग्रंथी होय. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागाला वेढून ती वसलेली असते. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती निर्माण करते. तिची वाढ आणि तिचे कार्य ही दोन्ही पुरुष-संप्रेरकांवर, म्हणजे पुरुषी हॉर्मोनांवर, अवलंबून असतात. यांपैकी मुख्य संप्रेरक टेस्टोस्टेरॉन हे असून त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग वृषणांत तयार होतो. उरलेला अल्प भाग मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून निघणाऱ्या द्रव्यांपासून बनतो.

वृषणे आपल्या मनाने काम करीत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका केंद्रातून संदेश निघतो, तो जवळच्या पोष ग्रंथीला मिळतो आणि पोष ग्रंथी रक्तावाटे वृषणांना आज्ञा देते. तयार झालेले टेस्टोस्टेरॉन प्रोस्टेटच्या पेशीत शिरल्यावर त्याचे अधिक प्रभावी अशा द्रव्यात रूपांतर होते. पेशीत या द्रव्याला धरून ठेवणारे एक प्रथिन असते. त्यास ग्राही म्हणतात. संप्रेरक ही किल्ली मानली, तर ग्राही हे कुलूप होय. किल्ली बसली, की ग्राही पेशीच्या केंद्रकात जातो आणि वाढीची व टिकून राहण्याची जनुके जागी करतो. याच आज्ञेने पीएसए नावाचे प्रथिन तयार होते. रक्तातील त्याचे प्रमाण मोजून रोगाचा अंदाज घेता येतो, तो याच कारणाने.

या अवलंबित्वाची कल्पना फार जुनी आहे. खच्ची केलेल्या बैलाचे शरीर आणि स्वभाव वळूपेक्षा वेगळे होतात, हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे. अशा जनावरांची प्रोस्टेटही लहान राहते, हे लंडनमधील प्रसिद्ध शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी अठराव्या शतकातच नोंदविले होते. तथापि, या निरीक्षणाचा कर्करोगाशी संबंध जोडला जाण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

शिकागोतील शोध

शिकागो विद्यापीठातील शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी प्रथम कुत्र्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा अभ्यास केला. १९४१ मध्ये त्यांनी व त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांची वृषणे काढली, किंवा त्यांना स्त्री-संप्रेरके दिली, की रोगाचे रक्तातील निदर्शक द्रव्य घटते. उलट पुरुष-संप्रेरक टोचले, की ते वाढते, असे त्यांना आढळून आले. रुग्णांच्या वेदनाही झपाट्याने कमी झाल्या. कर्करोगाची पेशी ही कोणाचेही न ऐकणारी असते, असा तोपर्यंतचा समज होता. निदान काही कर्करोग शरीरातील संप्रेरकांवर अवलंबून असतात, हे या कार्याने सिद्ध झाले. त्याबद्दल हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

पुढील चार दशके वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया आणि डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक हे दोनच प्रमुख मार्ग होते. मात्र अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १९६० नंतर झालेल्या पाहणीत, या औषधाच्या मोठ्या मात्रेने हृदयविकाराचे व रक्त गोठण्याचे मृत्यू वाढतात, असे दिसून आले. नवा मार्ग मेंदूच्या संदेशातून सापडला. त्या संदेशद्रव्याची रचना अँड्र्यू शॅली व रोजे गिलेमँ यांच्या गटांनी १९७१ च्या सुमारास उलगडली. या क्षेत्रातील कार्यासाठी दोघांनाही १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

येथे निसर्गाची एक गंमत उपयोगी पडली. हे संदेशद्रव्य शरीरात थांबून थांबून स्रवते. त्याच्यासारखे द्रव्य अखंडपणे देत राहिले, तर पोष ग्रंथी प्रथम उत्तेजित होते आणि नंतर थकून आज्ञा देणेच बंद करते. परिणामी तीन-चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन वृषणे काढल्याइतके खाली येते. ल्युप्रोलाइड हे अशा प्रकारचे औषध अमेरिकेत १९८५ मध्ये मान्य झाले. आज ही इंजेक्शने दरमहा, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनीही देता येतात. आरंभीच्या उत्तेजनाने हाडांतील वेदना काही दिवस वाढू नयेत, म्हणून ग्राहीचे कुलूप अडविणाऱ्या गोळ्या सुरुवातीस दिल्या जातात. २००८ मध्ये मान्य झालेले डेगारेलिक्स हे इंजेक्शन आणि २०२० मध्ये मान्य झालेली रेलुगोलिक्स ही गोळी मात्र पोष ग्रंथीला उत्तेजित न करता थेट अडवितात.

रोग उलटतो तेव्हा

पसरलेल्या रोगात संप्रेरके घटविल्यावर बहुसंख्य रुग्णांना गुण येतो. पीएसए उतरते, गाठी आकसतात. परंतु केवळ याच उपचारावर विसंबले, तर बहुधा दीड ते तीन वर्षांत रोग पुन्हा डोके वर काढतो. कोणाच्या बाबतीत लवकर, तर कोणाच्या बाबतीत पुष्कळ उशिरा. रक्तातील टेस्टोस्टेरॉन तळाशीच असते, तरीही पीएसए चढू लागते.

हे स्वतः हगिन्स यांच्याही लक्षात आले होते. उरलेले संप्रेरक अधिवृक्क ग्रंथींतून येत असावे, या तर्काने त्यांनी व विल्यम स्कॉट यांनी १९४५ मध्ये काही रुग्णांच्या या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या. परंतु जगण्यास आवश्यक अशी इतर संप्रेरकेही याच ग्रंथींत तयार होतात आणि त्यांची उणीव भरून काढणारे कॉर्टिसोन त्या काळी उपलब्ध नव्हते. रुग्णांना त्याचा लाभ झाला नाही. पुढे अनेक वर्षे असे मानले गेले, की उलटलेल्या रोगाला संप्रेरकांची गरजच उरत नाही. हा समज चुकीचा होता, हे कळण्यास अर्धे शतक लागले.

जुळवून घेण्याच्या रीती

शेतीतील एका अनुभवावरून ही प्रक्रिया समजू शकेल. एकाच प्रकारचे कीटकनाशक वर्षानुवर्षे वापरले, तर बहुतेक किडी मरतात. परंतु ज्या थोड्या मुळातच चिवट असतात त्या उरतात आणि पुढची पैदास त्यांचीच होते. कर्करोगाच्या कोट्यवधी पेशीही एकसारख्या नसतात. संप्रेरक तोडल्यावर ज्या टिकतात त्या वाढतात, आणि उपाशी राहिलेल्या पेशींत नवे बदलही घडत जातात. असे बदल प्रामुख्याने पाच प्रकारचे आढळले आहेत.

पहिला बदल ग्राहींच्या संख्येत होतो. १९९५ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी उपचारानंतर उलटलेल्या गाठी तपासल्या. त्यांतील सुमारे तीस टक्के गाठींत ग्राहीच्या जनुकाच्या जादा प्रती आढळल्या; त्याच रुग्णांच्या उपचारापूर्वीच्या गाठींत त्या नव्हत्या. कुलपे अनेक झाली, की थोड्याशा किल्ल्यांनीही काम भागते.

दुसरा बदल ग्राहीच्या घडणीत होतो. कुलूप इतके सैल होते, की ते अन्य संप्रेरकांनी, इतकेच नव्हे तर त्याला अडविण्यासाठी दिलेल्या औषधानेही उघडते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींतील असा बदल १९९० मध्ये उघडकीस आला. अडविणारी गोळी बंद केल्यावर काही रुग्णांचे पीएसए उलट खाली येते, या वैद्यांना पडलेल्या कोड्याचे उत्तर काही अंशी येथे मिळाले.

तिसरा बदल सर्वांत लक्षणीय म्हणावा लागेल. गाठ स्वतःच संप्रेरक तयार करू लागते. अधिवृक्क ग्रंथींतून येणारा कच्चा माल घेऊन पेशी आपल्यापुरते टेस्टोस्टेरॉन बनविते. त्यामुळे रक्तात दुष्काळ असला, तरी गाठीत साठा राहतो.

चौथ्या बदलात ग्राहीचा किल्ली बसण्याचा भागच गळून पडतो आणि उरलेला तुकडा किल्लीवाचून सतत आज्ञा देत राहतो. अशा एका तुकड्याचा शोध रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशींत घेता येतो; तो आढळलेल्या रुग्णांना नव्या संप्रेरकविरोधी गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, असे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखविले.

पाचव्या प्रकारात पेशी ही वाटच सोडून देते. ती वाढीचे दुसरे मार्ग धरते, क्वचित आपले मूळ स्वरूपही बदलते. अशा वेळी रोग वाढत असूनही पीएसए फारसे चढत नाही. म्हणूनच केवळ एका आकड्यावर विसंबून ‘सर्व ठीक आहे’ असे मानणे धोक्याचे ठरू शकते. रुग्णाचे दुखणे, वजन आणि आवश्यक तेव्हा छायाचित्रण-तपासणी यांकडेही पाहावे लागते.

ज्ञानातून निघालेले उपाय

पहिल्या चार रीतींत एक समान धागा आहे. रोग उलटला, तरी बहुधा तो ग्राहीच्याच आज्ञेवर चालत असतो. म्हणजे संप्रेरकांचा मार्ग त्याने सोडलेला नसतो, केवळ आडवाट शोधलेली असते. हे ध्यानी आल्यावर ती आडवाट बंद करणारी औषधे शोधणे शक्य झाले.

लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेत विकसित झालेले अबिरॅटेरॉन हे औषध वृषणे, अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द गाठ या तिन्ही ठिकाणी संप्रेरकनिर्मितीतील एक आवश्यक टप्पा रोखते. २०११ मध्ये ते मान्य झाले. केमोथेरपीनंतरही रोग वाढलेल्या रुग्णांत या औषधाने आयुर्मानाचा मध्यांक १०.९ महिन्यांवरून १४.८ महिन्यांवर गेला. हगिन्स व स्कॉट यांनी १९४५ मध्ये शस्त्राने जे साधू पाहिले होते, ते सहासष्ट वर्षांनी गोळीने साधले. या औषधाबरोबर प्रेडनिसोलोनसारखे औषध घ्यावे लागते, ते अधिवृक्क ग्रंथींच्या कार्यात होणाऱ्या बिघाडावर तोड म्हणून. २०१२ मध्ये मान्य झालेले एन्झालुटामाइड हे जादा झालेल्या ग्राहींनाही घट्टपणे अडविण्याच्या हेतूने घडविलेले औषध होय.

याहूनही महत्त्वाचा धडा वेळेसंबंधीचा आहे. रोगाने जुळवून घेण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आरंभीच दुहेरी मारा करावा, असे पुढील अभ्यासांनी दाखविले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, पसरलेल्या रोगावर संप्रेरक घटविण्याबरोबरच डोसिटॅक्सेल ही केमोथेरपी सुरुवातीस दिल्यास आयुर्मानाचा मध्यांक ४४ महिन्यांवरून ५७.६ महिन्यांपर्यंत वाढल्याचे आढळले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, अधिक धोक्याच्या पसरलेल्या रोगात अबिरॅटेरॉन आरंभीच जोडल्यावर तीन वर्षांनंतर ६६ टक्के रुग्ण हयात होते. ते न मिळालेल्या गटात हे प्रमाण ४९ टक्के होते. प्रत्येक रुग्णाची प्रकृती हा मारा सोसेल असे नाही. तो निर्णय तज्ज्ञाचाच. परंतु पसरलेल्या रोगाच्या प्रत्येक रुग्णाने उपचाराच्या आरंभीच हा प्रश्न डॉक्टरांना विचारणे योग्य ठरते.

ज्यांच्या जनुकांत बीआरसीए-२ सारखे दोष असतात, अशा काही रुग्णांसाठी ओलापॅरिब हे औषध २०२० मध्ये मान्य झाले. हे दोष आनुवंशिक असू शकतात आणि मुली-बहिणींत ते स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढवितात. त्यामुळे एका रुग्णाची तपासणी साऱ्या कुटुंबाला सावध करणारी ठरू शकते.

मूळ उपचार का सोडू नये

रोग उलटला म्हणजे पहिले इंजेक्शन निरुपयोगी झाले, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो चुकीचा आहे. आधी पाहिल्याप्रमाणे ग्राहींची संख्या वाढलेली असते. अशा वेळी इंजेक्शन थांबवून टेस्टोस्टेरॉन परत येऊ दिले, तर उपाशी रोगापुढे पुन्हा ताट वाढल्यासारखे होते. म्हणून नवी औषधे सुरू केली, तरी संप्रेरके घटविण्याचा मूळ उपचार सामान्यतः चालूच ठेवला जातो. वृषणे काढलेल्या रुग्णांना इंजेक्शनांची गरज नसते. दूरच्या गावी राहणाऱ्या, वारंवार रुग्णालयात येणे किंवा खर्च पेलणे अवघड असलेल्या माणसासाठी ही लहान शस्त्रक्रिया आजही उपयुक्त पर्याय आहे.

या शस्त्रक्रियेच्या नावानेच अनेक पुरुष दचकतात. तिने प्रौढ माणसाचा आवाज बदलत नाही, की त्याची बुद्धी वा घरातील मान कमी होत नाही. कामेच्छा मात्र घटते. अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते. स्नायू सैलावतात आणि थकवा येतो. इंजेक्शनांचेही हेच परिणाम होतात. याहून दूरगामी परिणाम म्हणजे हाडे ठिसूळ होणे, तसेच मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढणे. नियमित चालणे, झेपेल असा स्नायूंचा व्यायाम, तंबाखू सोडणे, रक्तदाब व साखर तपासणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घेणे, या गोष्टी म्हणूनच उपचाराचा भाग समजल्या पाहिजेत. ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक न सांगणाऱ्या औषधांपासून अशा रुग्णाने दूर राहावे. त्यांत पुरुष-संप्रेरक असल्यास रोगालाच खतपाणी मिळेल.

गावपातळीवर काय करता येईल

या रोगात निर्णय तज्ज्ञ घेतात, परंतु उपचार टिकतो की तुटतो हे पुष्कळदा घरी आणि गावात ठरते. शिक्षक, ग्रामसेवक, पंचायत सदस्य व आशा कार्यकर्ती यांच्या शब्दाला गावात वजन असते. इंजेक्शनची पुढील तारीख, पीएसएचे आकडे आणि औषधांची नावे एका वहीत क्रमाने लिहून ठेवण्यास ते कुटुंबाला मदत करू शकतात. उपचार बदलण्याची वेळ ओळखताना डॉक्टरांना या वहीचा मोठा उपयोग होतो. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. रुग्णाला लागणारा नेमका कोणता उपचार तिच्यात बसतो, याची माहिती संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून घेता येते.

एक लक्षण मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. या रोगाच्या रुग्णाची पाठदुखी अचानक वाढली, पायांतील शक्ती कमी होऊ लागली, पाय बधिर झाले, किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर मणक्यातील गाठीने मज्जारज्जू दाबला जात असण्याचा संभव असतो. अशा वेळी वाताचा विकार समजून तेल चोळीत बसण्यात दिवस घालवू नयेत. रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. चालता येत असतानाच उपचार झाला तर पाय वाचण्याची शक्यता बरीच असते. पाय पूर्णपणे गेल्यावर ती फार थोडी उरते.

रोग उलटल्याचे कळताच काही कुटुंबे खचतात. पथ्य चुकले, औषध खोटे निघाले किंवा डॉक्टरांनी हयगय केली, असे तर्क केले जातात. प्रत्यक्षात नेमाने उपचार घेणाऱ्या रुग्णाचाही रोग उलटू शकतो, कारण बदलणे हा त्या पेशींचा धर्म आहे. त्यात रुग्णाचा दोष नसतो. गाठीने कोणती आडवाट धरली आहे हे शोधावयाचे आणि ती बंद करावयाची, असे या उपचाराचे आजचे स्वरूप आहे. पसरलेल्या रोगात त्याने रोगमुक्तीचे आश्वासन देता येत नाही. पण कामाची, माणसांत राहण्याची, नातवंडांबरोबर घालविण्याची वर्षे त्याने वाढविली आहेत. ही वर्षे पदरात पडावीत, यासाठी बरे वाटू लागल्यानंतरची तारीखही आजारपणातील तारखेइतकीच काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे.